रेशनची पावती

रेशन दुकानात आपण यंत्रावर अंगठा लावतो. यंत्रातून पावती निघते. ती मागून घ्या, आणि वाचा. कित्येक जण ती तिथेच टाकून येतात!

अन्न सुरक्षेचा कायदा २०१३ साली झाला. प्राधान्य कार्डावर दर माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळते. कार्डावर ६ नावे, तर ३० किलो. अंत्योदय कार्डावर साऱ्या घराला मिळून ३५ किलो. जानेवारी २०२३ पासून त्याला पैसे पडत नाहीत.

दुकानदार म्हणतो, "मावशी, वरूनच कमी आलंय." मग पावतीवरही कमीच हवे ना? पावतीवर ३० आणि पिशवीत २६, तर ४ किलो गेले कुठे? घराचे दोन दिवसांचे जेवण ते! पावती घेऊन तहसील कचेरीत पुरवठा शाखेत जा. अर्ज द्या, पोच घ्या. १९६७ या नंबरावर फोनही करता येतो.