फिके मांस, गडद मांस

रंगीत सुती कापडावर पाणी सांडले, की तेवढा भाग गडद दिसतो. रंग तर तोच असतो. मग असे का? हा प्रश्न ध्यानात ठेवा. मांसाच्या धंद्यातील एक कोडे त्याच्याच मदतीने सुटते.

१९५० च्या दशकात डेन्मार्कमधील लुडविग्सेन या संशोधकाने डुकराच्या मांसातील एका दोषाचे वर्णन केले. निरोगी दिसणाऱ्या काही जनावरांचे मांस फिके व लिबलिबीत निघे आणि त्यातून पाणी झिरपे.

जनावर मेल्यावरही स्नायूंतील रासायनिक क्रिया काही काळ चालू राहतात. प्राणवायूवाचून ग्लायकोजेनपासून लॅक्टिक आम्ल बनते आणि सामू, म्हणजे पीएच, सुमारे ७ वरून काही तासांत ५.५ च्या आसपास उतरतो. सामू दीडने उतरला, की हायड्रोजन आयनांचे प्रमाण सुमारे ३० पट होते! हे सावकाश घडले, तर तोवर मांस गार होते. पण कत्तलीपूर्वी जनावर घाबरले, धडपडले, तर सामू पाऊण तासातच ६ खाली जातो. मांस मात्र अजून ऊनच असते. आम्ल आणि उष्णता एकत्र आल्याने प्रथिनांची घडण बिघडते व त्यांनी धरलेले पाणी सुटते.

उलट, लांबच्या प्रवासाने किंवा उपासमारीने ग्लायकोजेन आधीच संपले असेल, तर आम्ल पुरेसे बनत नाही. मग मांस गडद, घट्ट व कोरडे होते आणि लवकर नासते.

आता कापडाकडे वळू. कोरड्या धाग्यांमधील हवेमुळे प्रकाश पुष्कळ विखुरतो व परत येतो. पाण्याने फटी भरल्या, की विखुरणे कमी होते. प्रकाश आत शिरतो व शोषला जातो. मांसाचेही असेच. तंतू आकसले, की प्रकाश अधिक विखुरतो व मांस फिके दिसते. तंतू पाणी धरून फुगलेले असले, की ते गडद दिसते.

काही डुकरांत हा दोष आनुवंशिक असतो. स्नायूंतील कॅल्शियमचे नियंत्रण बिघडवणारा जनुकातील बदल १९९१ मध्ये कॅनडातील शास्त्रज्ञांनी शोधला. तेव्हापासून अशी जनावरे तपासणीने ओळखून पैदाशीतून वगळता येतात. बाकीचा उपाय साधा आहे: जनावरांना विसावा द्यावा, त्यांना मारझोड करू नये आणि मांस लवकर गार करावे. येथे दया आणि नफा एकाच बाजूला आहेत.

घरी एक प्रयोग करा. फ्रिजमधील गार दुधात व तेवढ्याच गरम दुधात लिंबाचे सारखेच थेंब टाका. कोणते आधी फाटते?