मुक्त आज्ञावली आणि वापरकर्त्यांची घाई

ग्वाल्हेर असो वा गडचिरोली, संकेतस्थळे पुरविणारे बहुतेक संगणक लिनक्स या मुक्त प्रणालीवर चालतात. तिचे काही महत्त्वाचे घटक एखादाच मनुष्य विनावेतन सांभाळीत असतो, हे सहसा ध्यानात येत नाही. माहितीचा आकार आटोपशीर करणारी ‘एक्सझेड’ ही आज्ञावली फिनलंडचे लासे कॉलिन अशीच सांभाळीत. २०२२ साली सुधारित आवृत्त्या फार मंदगतीने निघतात अशी कुरबुर सुरू झाली. नवा कारभारी नेमा, असा तगादाच काहींनी लावला. हे काम आपण छंद म्हणून विनामोबदला करतो, असे कॉलिन यांनी नम्रपणे कळविले. पुढे मदतीस आलेल्या ‘जिया टॅन’ नामक व्यक्तीच्या हाती अधिकार गेले आणि फेब्रुवारी २०२४ मधील ५.६.० आवृत्तीत चोरवाट शिरली. तगादा लावणारी नावेही बनावट असावीत, असा संशय आहे. दुसऱ्या संगणकात दुरून प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो, एवढ्या क्षुल्लक खुणेवरून आंद्रेस फ्रॉइंड यांनी ती हुडकली व २९ मार्च २०२४ रोजी जाहीर केली. संथ म्हणून हिणवली जाणारी डेबियनची स्थिर आवृत्ती मात्र बाधेपासून वाचली. तीत एक्सझेडची जुनीच आवृत्ती होती.