पाण्याखालचा संदेश

विहिरीत बुडी मारलेल्याला काठावरची हाक नीट ऐकू येत नाही. मात्र कोणी पाण्यातच दोन दगड एकमेकांवर आपटले, तर तो आवाज त्याला स्पष्ट ऐकू येतो. म्हणजे अडसर पाण्यात नाही, पाण्याच्या पृष्ठभागावर आहे. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट जड असते आणि सहजासहजी दाबले जात नाही. त्यामुळे हवेतून आलेला ध्वनी पृष्ठभागावर आदळून जवळजवळ सगळाच परततो. त्याच्या ऊर्जेचा हजारातील जेमतेम एक भाग पलीकडे जातो. पाण्यातून वर येणाऱ्या ध्वनीचीही हीच गत होते.

मग रेडिओलहरी का वापरू नयेत? समुद्राचे खारे पाणी विजेचे वाहक असते. त्यात या लहरी थोड्याच अंतरात शोषल्या जातात. हवेत ज्या दूरवर पोहोचतात, त्या पाण्यात टिकत नाहीत.

पाणबुडीवरील नौसैनिकांसाठी हा प्रश्न जिवाचा आहे. भारतात बांधलेली पहिली पाणबुडी ‘आयएनएस शल्की’ ही मुंबईच्या माझगाव गोदीत तयार झाली व १९९२ साली नौदलात दाखल झाली. पाणबुडीचे सारे बळ लपून राहण्यात असते. परंतु बोलण्यासाठी अँटेना पाण्याबाहेर काढावी, तर शत्रूच्या रडारला सुगावा लागतो. अतिशय कमी वारंवारतेच्या रेडिओलहरी मात्र समुद्रात काही मीटर खोल शिरतात. अशा लहरी प्रसारित करणारे नौदलाचे ‘आयएनएस कट्टबोम्मन’ हे केंद्र तमिळनाडूत तिरुनेलवेलीजवळ १९९० पासून आहे. त्यासाठी प्रचंड उंच मनोरे लागतात. असे मनोरे पाणबुडीवर उभारणार कसे? म्हणून या मार्गाने ती ऐकू शकते, उत्तर देऊ शकत नाही.

खालून वर संदेश पाठवण्याची एक युक्ती अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेतील संशोधकांनी २०१८ साली दाखवली. ध्वनी पृष्ठभाग ओलांडत नसला, तरी त्याला किंचित थरथरवतो; ही थरथर मीटरच्या काही दशलक्षांश भागांएवढीच असते. वर ठेवलेले रडार ती टिपते व तिच्यातून संदेश उलगडते. अडथळ्यालाच कागद करून त्यावर लिहावे, तसा हा प्रकार! जलतरण तलावात पोहणाऱ्यांमुळे पाणी हलत असतानाही ही युक्ती साधली. लाटा १६ सेंटिमीटरपर्यंत उंच असेतो संदेश वाचता आला. आषाढातल्या अरबी समुद्रात लाटा कित्येक मीटर उंच उसळतात.