बेस घेतेस ना? मग आधी माझं ऐक

बेस गिटार घ्यायचं ठरवलंस आणि घरातूनही होकार मिळाला, हे ऐकून मला फार फार आनंद झाला. पिंपळनेरात मुलगी माईकसमोर गायला उभी राहिली तर आता कुणाला नवल वाटत नाही. बेस गळ्यात घालून ढोलकीवाल्याच्या शेजारी उभी राहिली की मात्र माना वळतात. वळू देत, माय. दोन गाण्यांत लोक नाचायला लागतात, मग कोण वाजवतंय याकडे कुणाचं लक्ष नसतं.

तू फोनवर पेडलांची जी लांबलचक यादी वाचून दाखवलीस ती परदेशी वादकांचे व्हिडिओ बघून केलेली आहे, हे लगेच कळलं. त्यात वाईट काही नाही. पण त्या वादकाच्या पाठीमागे त्याचा स्वतःचा अ‍ॅम्प असतो आणि समोर साउंडचा जाणकार माणूस बसलेला असतो. तुझ्या पाठीमागे काय असणार याचा विचार कर. सामोड्याला हळदीची सुपारी असली तर साउंड मंडपवाल्याचा. वरातीत बॅण्डच्या गाडीवरचे स्पीकर. कॉलेजच्या गॅदरिंगला भाड्यानं आणलेली डॉल्बी. तीन ठिकाणी तीन तऱ्हा, आणि त्यातलं तुझ्या मालकीचं काहीच नाही. म्हणून माझं सांगणं एवढंच आहे: वाद्य आणि पेडल निवडताना आपल्या खोलीत कसं वाजतं हे बघू नकोस, दुसऱ्याच्या साउंडमधून काय बाहेर येईल ते बघ.

बेसच्या सगळ्यात जाड तारेचा सूर ४१ हर्ट्‌झचा असतो. गाडीवरचे भोंगे आणि छोटे स्पीकर इतक्या खालचा सूर देऊच शकत नाहीत. तरी बेस ऐकू येतो, कारण त्या तारेतून ८२, १२३ असे वरचे स्वरही निघत असतात आणि कान त्यावरून खालचा सूर स्वतःच भरून काढतो. म्हणजे गाडीवर तुझा बेस या वरच्या स्वरांवर तगतो. डॉल्बीवर उलटा प्रकार. तिथे मोठे बेसबॉक्स आधीच इतके घुमत असतात की तू आणखी खालचा आवाज वाढवलास तर नुसता गुरगुराट होईल, सूर कुठला ते कळणारही नाही. दोन्हीकडे कामाला येतो तो मधला आवाज, साधारण २५० ते ८०० हर्ट्‌झचा. खोलीत एकटीनं वाजवताना हा मधला आवाज कानाला जरा कोरडा वाटतो, म्हणून नवीन मुलं तो कमी करतात आणि मांडवात गेल्यावर ‘माझा बेस कुठे गेला’ म्हणून शोधत बसतात. तू असं करू नकोस.

आता चार तारांचा की पाच तारांचा? तुझं मन पाच तारांवर आहे. पाचवी तार ३१ हर्ट्‌झपर्यंत खाली जाते. आपल्याकडच्या साउंडमध्ये तिचा उपयोग थोडा, वजन आणि बेसच्या गळ्याची रुंदी मात्र रोजची. गाणारा काळी एक किंवा पांढरी दोनमध्ये गाणार असेल तर खालचा सा चार तारांवर मिळत नाही, हे तुझं म्हणणं खरं आहे. मग तोच सा वरच्या सप्तकात घे, ‘ए’च्या तारेवर पांढरी दोन पाचव्या पडद्यावर आणि काळी एक चौथ्या पडद्यावर आहे. तिथे तो गाडीवरून जास्त स्वच्छ ऐकू जाईल. त्याहून महत्त्वाचं म्हणजे मोकळ्या तारांवर विसंबायचं नाही. हळदीच्या रात्री गायक बदलला की पट्टी बदलते, आणि कुणी तुला आधी सांगत नाही. सगळं दाबलेल्या सुरांवर बसवलेलं असलं की हात नुसता दोन पडदे सरकवायचा.

थोडा इतिहास तुला माहीत असावा. लिओ फेंडरनं कॅलिफोर्नियात १९५१ साली पहिला प्रिसिजन बेस बाजारात आणला तो कार्यक्रम करणाऱ्यांची अडचण बघून. माणसाहून उंच डबल बेस गाडीत मावेना, आणि बाकीच्या वाद्यांत तो ऐकूही जाईना. पडदे बसवले म्हणून सूर नेमका लागायला लागला, आणि त्यावरूनच ‘प्रिसिजन’, म्हणजे नेमकेपणा, हे नाव पडलं. १९६० मध्ये जॅझ बेस आला. आज दुकानात दिसणारे बहुतेक बेस या दोघांचेच वंशज आहेत, मग त्यावर स्क्वायर लिहिलेलं असो, यामाहा असो, आयबानेझ असो की कोर्ट. नावापेक्षा तू या दोन जातींतला फरक ओळखायला शीक.

प्रिसिजनचा पिकअप, म्हणजे तारांचा आवाज टिपणारा भाग, दोन तुकड्यांचा असतो आणि त्याची रचनाच अशी आहे की बाहेरची घरघर तिथल्या तिथे कटते. जनरेटर आणि डिमरच्या लाइटा असलेल्या मांडवात याची किंमत कळते. मधला आवाजही त्यात भरपूर. जॅझचा गळा अरुंद, नटपाशी, म्हणजे गळ्याच्या वरच्या टोकाला, सुमारे ३८ मिलिमीटर, प्रिसिजनचा ४२ च्या आसपास. तुझी बोटं लहान आहेत, त्यामुळे जॅझचा गळा तुला सोपा जाईल. त्यात मात्र दोन वेगळे पिकअप असतात. दोन्हींचे व्हॉल्यूम पूर्ण उघडे ठेवलेस तर घरघर बंद होते, एक कमी केलास की सुरू. काही कंपन्या दोन्ही पिकअप लावून प्रिसिजन-जॅझ एकत्र देतात, आणि तुझ्यासाठी मला तोच बेस योग्य वाटतो. आतमध्ये ९ व्होल्टची बॅटरी लागणारा अ‍ॅक्टिव्ह बेस घेणार असशील तर बॅटरीशिवाय चालणारा पॅसिव्ह स्विच त्यात आहे का ते आधी बघ. नाहीतर बॅटरी संपली की वरातीच्या मध्यावर तू गप्प. आणि कार्यक्रम झाला की केबल काढून ठेव, केबल लावलेली राहिली तर बॅटरी रात्रभर उतरत राहते.

दुकानात गेलीस की आधी बेस पट्ट्यावर अडकव आणि हात सोडून उभी राहा. गळा आपोआप खाली झुकत असेल तर तो बेस ठेवून दे. चार तास डाव्या हातानं गळा उचलून धरत वाजवणं कुणालाही जमत नाही. चार किलोच्या वरचा नको. मग जाड तार पहिल्या पडद्यावर आणि शेवटच्या पडद्यावर एकदम दाबून धर, मधे सातव्या-आठव्या पडद्यापाशी तार आणि पडदा यांच्यात व्हिजिटिंग कार्डाएवढी फट दिसली पाहिजे. फट नसेल किंवा फार मोठी असेल तर दुकानदाराला गळ्यातला रॉड पाव फेरा फिरवून दाखवायला सांग. बाराव्या पडद्यावरचा हार्मोनिक आणि तिथलाच दाबलेला सूर ट्यूनरवर सारखा येतो का बघ. मग एकेक पडदा दाबत चारही तारांवरून जा, कुठे तार खणखणते का ऐक. याला वेळ लागतो, लागू दे. दुकानदार घाई करत असेल तर त्याला गोड बोलून थांबव. आणि खरेदीसोबतच तीन इंच रुंदीचा पट्टा घे. पातळ पट्ट्यानं खांदा कसा भरून येतो ते मे महिन्यात कळतं.

पेडलांआधी कॅरल के या बाईंबद्दल सांगते. लॉस एंजेलिसमध्ये त्या गिटार वाजवायच्या. १९६३ मध्ये एका रेकॉर्डिंगला बेसवाला आला नाही म्हणून त्यांनी बेस हातात घेतला आणि पुढे असंख्य गाण्यांवर त्यांचाच बेस आहे. त्यांनी पेडल जमवत बसण्याऐवजी तारांवर फेल्टचा तुकडा दाबून ठेवला. सूर उमटतो आणि लगेच मिटतो, पुढच्या ठोक्याला जागा राहते. तू घरी करून बघ. भांडी घासायचा नवा स्पंज घे, बोटभर रुंदीची पट्टी काप आणि ब्रिजच्या अगदी जवळ तारांच्या खाली सरकव. आधी स्पंजाशिवाय सा-प वाजव, मग स्पंज लावून. ढोलकीची डावी बाजू आणि संबळातलं मोठं वाद्य दोन्ही खालच्या आवाजाची आहेत. तुझा सूर लांबत राहिला तर त्यांच्या अंगावर जातो. स्पंजानं तो आखडता होतो आणि ठेका एकदम उघडा पडतो.

मग पेडल. पहिलं ट्यूनर, आणि ते पायाखालचं हवं. पाय ठेवला की बाहेरचा आवाज बंद, दोन गाण्यांच्या मधे गुपचूप तारा लावता येतात. उन्हात तारा उतरत राहतात, म्हणून हे लागतंच. दुसरा डीआय बॉक्स. बेसचा नाजूक सिग्नल लांब केबलमधून मिक्सरपर्यंत नेला तर घरघर घेऊन पोचतो. डीआय त्याला माईकच्या केबलमधून जाण्याजोगा करतो. साउंडवाल्याकडे असेल या भरवशावर राहू नकोस, आपला जवळ ठेव. या दोघांवर पैसे खर्च झाल्याशिवाय बाकीची यादी उघडायचीच नाही.

तिसरं ओव्हरड्राइव्ह, अगदी हलकं. वर सांगितले ते वरचे स्वर हे पेडल वाढवतं, त्यामुळे भोंग्यातूनही बेस समजतो. गिटारचं ओव्हरड्राइव्ह बहुधा खालचा आवाज खाऊन टाकतं, म्हणून बेससाठीचं, मूळ आवाज मिसळण्याचं ब्लेंड बटण असलेलं घे. कॉम्प्रेसर नंतर. जोशात येऊन एक ठोका जोरात, एक हळू पडतो, ते तो सारखं करतो. पण फार वाढवलास तर जनरेटरची घरघरही वर येते. ऑक्टेव्हर तुला आवडलं हे मला माहीत आहे. ते सूर एक सप्तक खाली नेतं, जिथे आपला साउंड आधीच हात टेकतो. राहू दे ते. कोरस एखाद्या संथ गाण्याला गोड लागतो, पण त्यासाठी वेगळं पेडल नको.

एकाच डब्यात सगळं देणारं मल्टिइफेक्ट घ्यावं का, असं तू विचारलंस. झूमचं बी१ फोर सुरुवातीला चांगलं आहे. चार पेन्सिल सेलवर चालतं, त्यामुळे गाडीच्या जनरेटरशी त्याचा संबंधच नको. त्याला डीआय आउट नाही, म्हणून डीआय बॉक्स वेगळा लागणारच. दुपारच्या उन्हात स्क्रीन दिसत नाही. आवाज घरूनच ठरवून ने आणि मांडवात फक्त पुढे-मागे कर. सुटी पेडल घेशील तर अ‍ॅडॅप्टरवरची खूण बघ, बहुतेकांना ९ व्होल्ट आणि आतली पिन निगेटिव्ह लागते. उलटा लावलास तर पेडल जळू शकतं. वरातीत गुलाल उडाला की पेडलांवर रुमाल टाक, तो बटणांत शिरला की व्हॉल्यूम खरखरायला लागतो.

हे पुढचं मात्र नीट ऐक, यात मी तुझं काही चालू देणार नाही. ३ मे १९७२ रोजी वेल्समधल्या स्वान्सी शहरात लेस हार्वी नावाचा गिटारवादक भर स्टेजवर शॉक लागून गेला. हातात गिटार होती आणि अर्थिंग नसलेल्या माईकला हात लागला. बेसच्या तारा आतून केबलमार्फत मिक्सरच्या किंवा अ‍ॅम्पच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. माईक दुसऱ्याच लाइनवरून आला असेल आणि तिथे अर्थिंग नसेल, तर एका हातात बेस आणि ओठाला माईक अशी तू २३० व्होल्टच्या मधोमध येतेस. म्हणून टेस्टर कायम जवळ ठेव. वाजवण्याआधी माईकच्या जाळीला आणि आपल्या तारांना लाव. दिवा लागला तर बेस खाली ठेव, नवरदेव घोड्यावर बसलेला असला तरी. सगळा साउंड एकाच बोर्डावरून घ्यायला सांग. घरघर घालवायला कुणी तीन पिनांच्या प्लगची अर्थची पिन मोडत असेल तर त्याला थांबव. त्याच कामासाठी डीआयवर ग्राउंड लिफ्टचं बटण असतं. पायात रबरी तळाची चप्पल असू दे, पण तेवढ्यावर निर्धास्त होऊ नकोस.

सुपारी ठरवताना कीबोर्डवाल्याशी आधी बोल. आपल्याकडे कीबोर्डवाला डाव्या हातानं बेस वाजवतोच, त्याची ती सवय झालेली असते. दोघांचा बेस एकत्र गेला की गिचमिड होते. त्याला समजावून सांग की आता डावा हात वरच्या सुरांना दे. मोठ्यांना तू सांगायचं म्हणजे अवघड वाटेल. ‘दादा, खालचं मी सांभाळते’ एवढंच म्हण, बहुतेक जण ऐकतात. पैसे आणि परतीची गाडी दोन्ही बयाणा घेतानाच पक्कं कर. दहानंतर लाउडस्पीकर बंद होतो, पण सामान आवरून दहिवेलहून किंवा कुडाशीहून घरी यायला उशीर होणारच. कुणासोबत येणार आहेस ते आईला आधी माहीत हवं. कानात फोमचे बोळे घाल, डॉल्बीपुढे तासन्‌तास उभं राहून गेलेली श्रवणशक्ती कुठलाच डॉक्टर परत आणून देऊ शकत नाही.

बेस बंद गाडीत उन्हात ठेवायचा नाही, आखाजीच्या सुमारास तर मुळीच नाही. लाकूड वाळलं की पडद्यांची टोकं गळ्याबाहेर येऊन बोटाला लागतात. पावसाळ्यात इकडे सह्याद्रीकडची हवा दमट होते तेव्हा गळा पुन्हा हलतो, मग वर सांगितलेली फट परत तपासायची. हळदीच्या कार्यक्रमानंतर तारा कोरड्या फडक्यानं पुसून काढ. ४५ ते १०५ जाडीच्या तारांचा संच तुला पुरेल, आणि एक जास्तीचा पिशवीत असू दे.

आणि वाजवण्याबरोबर ऐकतही जा. पंचमदांच्या, म्हणजे आर. डी. बर्मन यांच्या, गाण्यांत टोनी वाझ यांचा बेस शोध, किती कमी सुरांत गाणं उचललंय ते कळेल. मुंबईत वाढलेली मोहिनी डे हिनं लहान वयातच ए. आर. रहमान यांच्यासोबत वाजवलं. तिचा हात बघ, तिचं पेडलबोर्ड सध्या बघू नकोस.

बेस घ्यायला नाशिकला ताहाराबाद-सटाण्याच्या एसटीनं सकाळीच निघू या. मी येते बरोबर. आदल्या दिवशी ट्यूनर चार्ज कर आणि व्हिजिटिंग कार्ड पर्समध्ये टाक.