गच्चीवर विजेचा कान बसवताना

बाळा, हवामान केंद्र छान बसवलंस. पर्जन्यमापक झाडांपासून लांब लावलास हे फोटोत पाहिलं आणि बरं वाटलं. आता वीज ओळखणारा सेन्सर घ्यायचा म्हणतोस, तर जरूर घे. मृगाआधीचे वळीव आणि परतीचा पाऊस, आपल्या मराठवाड्यात दोन्ही विजांचे दिवस. देशात दरवर्षी दोन हजारांहून जास्त माणसं विजेनं जातात, त्यांतली कितीतरी रानात काम करणारी. म्हणून पैसे टाकायच्या आधी आत्याचं एवढं ऐकून घे.

१. इशारा कोणासाठी हवा ते आधी ठरव — रानातल्या माणसांना वेळेत घरी बोलवायचं असेल तर साधा सेन्सर पुरतो, नकाशावर विजा बघायची हौस असेल तर वस्तूच वेगळी लागते.

२. खोक्यावरच्या चित्राला भुलू नकोस, आत कुठली चिप आहे ते विचार. घरगुती सेन्सरांपैकी बऱ्याच जणांच्या पोटात एएस ३९३५ असते. विजेतून निघणाऱ्या रेडिओलहरी ती ५०० किलोहर्ट्झच्या आसपास ऐकते आणि ४० किलोमीटरपासून १ किलोमीटरपर्यंतचं अंतर टप्प्याटप्प्यानं सांगते — पण तो अंदाज असतो, आणि तोही वादळाच्या पुढच्या कडेचा. दिशा तिला कळत नाही.

३. सुटं मॉड्यूल आणून स्वतः जोडणार असशील, आणि तू जोडणारच, तर अँटेना ५०० किलोहर्ट्झला जुळवून घे, साडेतीन टक्क्यांच्या आत — जुळणी चुकली की जवळची वीज लांबची वाटते, आणि लांबची ऐकूच येत नाही.

४. परदेशातून मागवताना बिनतारी जोडणीची फ्रिक्वेन्सी बघ, अमेरिकेचं ९१५ मेगाहर्ट्झचं मॉडेल घेऊ नकोस — तो पट्टा आपल्याकडे परवान्याशिवाय वापरायला मोकळा नाही.

५. आता मन लावून ऐक, कारण निम्मे सेन्सर इथेच बदनाम होतात. ठिणगी उडाली की या चिपला वीज चमकल्याचा भास होतो. स्वस्त एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर, मिक्सर, विहिरीच्या मोटरचा स्टार्टर, आणि सगळ्यांत वाईट ते कुंपणाचं झटका मशीन, हे सगळे तिला फसवतात. म्हणून भिंतीला भोक पाडायच्या आधी सेन्सर चार जागी एकेक दिवस ठेव, निरभ्र आकाश असताना, आणि प्रत्येक जागेच्या खोट्या नोंदी वहीत लिही. सगळ्यांत कमी नोंदी जिथे, ती त्याची जागा — निरभ्रात जो गप्प, त्याचंच ढगात खरं. दोनदा खोटा भोंगा वाजला की तिसऱ्यांदा तुझे बाबा खुरपं खाली ठेवणार नाहीत, आणि तिसरा खरा असेल.

६. चिपमध्ये एक सोय असते: पंधरा मिनिटांत १, ५, ९ किंवा १६ विजा मोजल्यावरच इशारा दे, असं तिला सांगता येतं. माझं मत विचारशील तर १ वरच ठेव आणि खोट्या नोंदी जागा बदलून कमी कर — पाचवी वीज मोजेपर्यंत मधली एखादी कुणाच्या तरी डोक्यावर पडू शकते.

७. सेन्सर उंच लोखंडी खांबावर चढवू नकोस, वळचणीखाली, हात पोचेल असा लाव — विजेच्या लहरी भिंतीतूनही येतात, सेन्सरला आकाश दिसायची गरज नसते. पत्र्याला मात्र चिकटवू नकोस.

८. बॅटरीवर चालणारा, बिनतारी सेन्सर घे — गच्चीवरून घरात आलेली प्रत्येक वायर म्हणजे विजेला दिलेली वाट.

९. हे यंत्र म्हणजे लायटनिंग अरेस्टर नव्हे. घराचं अर्थिंग आणि अरेस्टर जाणत्या इलेक्ट्रिशियनकडून वेगळे तपासून घे — यंत्र ऐकतं, अडवत नाही.

१०. सॉफ्टवेअर आधी, खरेदी मग. वीवीएक्स आणि क्युम्युलस एमएक्स दोन्ही फुकट मिळतात आणि रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर चालतात. तू घेणार तो सेन्सर त्यांच्या यादीत आहे का, आणि विजांची संख्या व अंतर त्यांच्यापर्यंत पोचतं का, ते बघून घे — नोंदी फक्त कंपनीच्या सर्व्हरवर राहिल्या तर त्या तुझ्या नाहीत, आणि आपल्याकडे वादळात इंटरनेट आधी जातं.

११. राउटर आणि रास्पबेरी पाय इन्व्हर्टरवर ठेव, सेन्सर मात्र त्या खोलीपासून लांब — वीज गेली की इन्व्हर्टर सुरू होतो आणि नेमका तेव्हाच गोंगाट करतो.

१२. दिशाही हवी असेल तर एकमेकांना काटकोनात असलेल्या दोन लूप अँटेना लागतात. बोल्टेकची यंत्रं तशी असतात, सोबत नेक्सस्टॉर्मसारखं सॉफ्टवेअर चालतं. खर्च मोठा आहे, आणि एकट्या केंद्राला अंतर सिग्नलच्या जोरावरूनच ताडावं लागतं — लांबची जबरदस्त वीज मग पडद्यावर जवळ येऊन बसते.

१३. नेमकी जागा सांगायची तर अनेक केंद्रं लागतात. ड्युसेलडॉर्फच्या एगॉन वांके यांनी उभं केलेलं ब्लिट्झऑर्टुंग हे हौशी लोकांचं जाळं तसंच चालतं. विजेचा ३ ते ३० किलोहर्ट्झच्या पट्ट्यातला सिग्नल हजारो किलोमीटर जातो; तो कुठल्या केंद्रावर किती वाजता पोचला ते जीपीएसच्या घड्याळावर बघून जागा काढतात. त्यात जरूर सामील हो, युरोपात ते दाट आहे आणि आपल्याकडे विरळ, म्हणून इथे एकेका केंद्राला किंमत आहे. जीव वाचवायला मात्र त्यावर विसंबू नकोस — ते स्वतःही तसंच बजावतात.

१४. बाबांच्या फोनमध्ये दामिनी ॲप आजच घाल आणि लोकेशन चालू ठेव. ते पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेनं बनवलंय, देशभरच्या सेन्सरांवर चालतं आणि २० ते ४० किलोमीटरच्या टापूतला इशारा देतं — घरचा सेन्सर आणि दामिनी दोघं एकच बोलले तर शंकेला जागा नाही. दोघांतला एकच बोलला तरी घरी यायचंच.

१५. पहिला मोसम यंत्राला कानानं तपास. चमकल्यापासून गडगडाटापर्यंतचे सेकंद मोज, तीननं भाग, तेवढे किलोमीटर — आवाजाला एक किलोमीटर यायला सुमारे तीन सेकंद लागतात. सेन्सर ३० म्हणतोय आणि तुला दहा सेकंदांत ऐकू आलं, तर जुळणी बिघडलेली आहे.

१६. सेन्सर गप्प असला तरी गडगडाट ऐकू आला की आत, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास आतच — गडगडाट कानी, पाय घरी. पाऊस थांबला म्हणून बाहेर पडलेल्यांवर वीज पडल्याच्या बातम्या दरवर्षी येतात.

१७. मेच्या सुरुवातीला बॅटऱ्या बदल, तारीख डबीवरच लिही — अर्धमेली बॅटरी कोरड्या हवेत चालते आणि पहिल्या वळवात दगा देते.

१८. इशारा फक्त फोनवर ठेवू नकोस. बाबांचा फोन शर्टाच्या खिशात आणि शर्ट बाभळीला, हे तुलाही ठाऊक आहे. घरावर भोंगा लाव, वाऱ्याच्या दिवशी वाजवून बघ, आणि विहिरीपलीकडच्या पट्टीत ऐकू गेला का ते मला रात्री फोन करून सांग.