बसल्या अंगाचं माप

माप घेताना व्हीलचेअरवरच्या माणसाला उभं करायचा हट्ट कधी धरू नकोस. जो दिवसभर बसून असतो, त्याचं अंग बसल्यावर जसं असतं तेच त्याच्या कपड्याचं अंग. क्लासात तुला उभ्या माणसाचं माप शिकवलं, त्यावर बेतलेली पँट बसल्यावर पोटाशी गोळा होते आणि मागून कंबर उघडी टाकते. म्हणून पँट असो की सलवार, पुढचं आसन कमी आणि मागचं जास्त. मागं कमरेपासून गादीपर्यंत आणि पुढं कमरेपासून जांघेपर्यंत अशी दोन्ही मापं वेगवेगळी घे आणि वहीत वेगवेगळीच लिही. लांबी कमरेपासून गुडघ्यावरून वळवून घोट्यापर्यंत मोज, नाहीतर बसल्यावर मोहरी वर चढते आणि पोटऱ्या उघड्या पडतात.

टेप हातात घेण्याआधी मात्र बोल. आणि बोलायचं ते त्या माणसाशीच, सोबत आलेल्या आईशी किंवा भावाशी नाही. रंग कोणता, गळा कसा, अंगाशी बसतं हवं की सैल, हे त्यालाच विचार. लोक सवयीनं सांगतात, ‘काहीही शिवा, घालायला सोपं असलं म्हणजे झालं.’ ते ऐकून नाडीचा लेंगा आणि ढगळ कुडता शिवून देऊ नकोस. अमेरिकेत मिंडी शायर नावाची एक फॅशन डिझायनर आहे. तिच्या मुलाला स्नायूंचा आजार, आणि त्याला शाळेत इतर मुलांसारखी जीन्स घालायची होती. तिनं घरी बसून जीन्सच बदलली, मग ‘रनवे ऑफ ड्रीम्स’ ही संस्था काढली आणि २०१६ मध्ये टॉमी हिलफिगर कंपनीनं तिच्यासोबत अशा मुलांसाठी कपडे बाजारात आणले. कपडे इतर मुलांच्याच फॅशनचे, बदल फक्त बटणं आणि उघडझाप यांत. त्या मुलानं जीन्स मागितली होती, हे विसरू नकोस.

आता सगळ्यात जपायची जागा, बैठक. मणक्याला इजा झालेल्या अनेकांना कमरेखाली जाणीव नसते किंवा फार कमी असते. जीन्सच्या मागच्या खिशाची जाड शिवण, रिव्हेट, घडी पडलेलं कापड तासन् तास एकाच जागी दाबत राहतं. त्याला ते टोचत नाही, म्हणून कळत नाही. कळतं तेव्हा कातडी फाटलेली असते, आणि ती जखम भरायला कित्येक महिने जातात. म्हणून बैठकीवर खिसा नाही, बटण नाही, जाड दुहेरी शिवण नाही. साधी शिवण घाल, उघडून इस्त्रीनं चपटी कर, वरून हात फिरवून बघ. खिसे मांडीवर घे, तोंड वरच्या बाजूला आणि थोडं तिरकं, म्हणजे बसल्या बसल्या मोबाइल निघतो आणि घसरून पडत नाही. लघवीची पिशवी पायाला बांधलेली असेल तर नळी कुठंही दुमडता कामा नये आणि पिशवी मूत्राशयाच्या खालीच राहिली पाहिजे. त्यासाठी आतल्या शिवणीत खालून चेन दे आणि मांडीला घेर सोड. ही चौकशी बाजूला नेऊन, हळू आवाजात कर.

हातानं चाक फिरवणाऱ्याची बाही लोंबती नको, ती चाकात जाते. पाठीवर खांद्याशी दोन चुण्या सोड, हात पुढे जाताना कापड ओढलं जात नाही. चाकाला लागून मनगटाची कड मळते, तर तिथं गडद रंगाची पट्टी लाव. मुद्दाम केलेली फॅशन वाटते, आणि ती फॅशनच आहे.

लग्नसराईत तुझी खरी परीक्षा. नवरदेव खुर्चीवर असेल तर शेरवानी पुढून पूर्ण लांब बेत आणि मागून बैठकीपाशीच संपव, बाजूचे कट कमरेपर्यंत ने. फोटोत शेरवानी भरगच्च दिसते, पाठीमागे बोचका होत नाही. नवरीसाठी पैठणी असेल तर नेहमीसारखा पदर पाठीवर टाकला की तो खुर्चीच्या पाठीशी चुरगळतो, खाली लोंबला तर चाकात अडकतो. अशा वेळी पदर मागून उजव्या खांद्यावर घेऊन पुढे सोड, गुजराती पद्धतीनं. पदरावरचे मोर मांडीवर पसरतात, सगळ्यांना दिसतात. ज्या पदरासाठी एवढे पैसे मोजले, तो दिसायलाच हवा! निऱ्या कमरपट्ट्याला कच्च्या टाक्यानं जोड आणि पट्टा पुढं हुकानं बंद कर. पैठणीला कात्री लावू नकोस. टाके उसवले की साडी पुन्हा अख्खी. परकर साटीनचा नको, सुतीच घे, साटीनवर बसलेलं माणूस पुढे घसरतं. शिवलेली नऊवारी आता सगळीकडे मिळते, तीही चालेल, पण काष्ट्याची मागची गाठ काढून तो सपाट शिवून घे.

पक्षाघातानं एक हात गेलेला असेल तर ध्यानात ठेव: घालताना अधू हात आधी, काढताना तो शेवटी. त्या बाजूचा मुंढा मोठा काप. ब्लाउजचे हूक पुढेच असू देत. शर्टला वरून खरी बटणं शिव आणि खाली टिचबटण किंवा वेल्क्रो लाव, कोणाला कळतही नाही. वेल्क्रोची काटेरी बाजू अंगाकडे कधीच नको, आणि धुताना ती बंद करायला सांग, नाहीतर जरीचे धागे ओढून काढते. चुंबकाची बटणं सोयीची असतात, पण आधी विचार, घरात कोणाच्या छातीत पेसमेकर आहे का. असेल तर चुंबक नाही म्हणजे नाही.

आपला देश २०१४ मध्ये पोलिओमुक्त जाहीर झाला, पण पोलिओनं गाठलेली माणसं अजून आपल्यात आहेत आणि त्यांना पायाला आधार देणाऱ्या कॅलिपरवर चांगली पँट हवी असते. बाहेरच्या शिवणीत मोहरीपासून गुडघ्याच्या वरपर्यंत चेन दे, ती शिवणीतच लपव. गुडघ्याच्या कुलपाशी आतून जाड अस्तर लाव, तिथं कापड लवकर विरतं. कुबडी वापरणाऱ्याच्या बगलेतही दुहेरी कापड घाल. जयपूर फूट हा कृत्रिम पाय वापरणाऱ्याचा उरलेला पाय दिवसभरात थोडा बारीक होतो, मग तो आत मोजा वाढवतो. त्यामुळं तो मोजा घालता येईल एवढी तरी मोहरी उघडली पाहिजे.

अंध मुलीला छापील फुलं हाताला लागत नाहीत. तिला खण दाखव, काठाची जर, भरतकाम, कापडाचा पोत तिच्या बोटांना ठरवू दे. आत गळ्यापाशी दोऱ्याच्या गाठी मार, एक गाठ म्हणजे निळा, दोन म्हणजे लाल, म्हणजे कपाटातून तिचं तिला जुळवता येतं.

शिलाई फुकट करू नकोस, आणि वेगळं काम म्हणून दुप्पटही लावू नकोस. चेन आणि अस्तर यांचे पैसे घे, बाकी दर सगळ्यांचा तोच. दुकानाला पायरी आहे, तिच्यावर फळीचा उतार आजच करून घे; तोवर माप घ्यायला तू त्यांच्या घरी जा.

आणि ट्रायलशिवाय कपडा हातात देऊ नकोस. त्यांच्याच खुर्चीत, त्यांच्याच कुबड्यांसह घालून बघायला सांग. हात वर करू दे, चाक फिरवू दे, पुढे वाकू दे. मग आरसा त्यांच्या बसल्या उंचीवर आणून धर, आवडलं का ते विचार, आणि ‘हो’ म्हणाले तरच काजं कर.