वारीचे अंथरूण : हलके, स्वस्त आणि कोरडे

आषाढीच्या वारीची बांधाबांध सुरू झाली की वाचक बंधुभगिनींकडून एक प्रश्न हमखास येतो. अंथरूण-पांघरूण कोणते घ्यावे? आपली घोंगडी बरी, की हल्ली दुकानात मिळते ती स्लीपिंग बॅग, म्हणजे झोपायची पिशवी बरी? प्रश्न दिसायला लहान आहे. परंतु वारी अर्ध्यावर टाकून घरी परतावे लागते ते दर वेळी पाय थकल्यामुळेच असे नाही. चार रात्री ओलीत काढल्या, अंग मोडून आले, ताप भरला, की नेमात खंड पडतो. दिवसाची चाल रात्रीच्या झोपेवर उभी असते. म्हणून या विषयाचा थोडा सविस्तर विचार करू या.

प्रथम वाट ध्यानात घ्यावी. माउलींची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून निघते, तुकोबारायांची आदल्या दिवशी, सप्तमीला, देहूहून निघते आणि दोन्ही आषाढ शुद्ध दशमीला पंढरीत पोचतात. आळंदी ते पंढरपूर हे अंतर सुमारे २५० किलोमीटर. किलोमीटरला चौदाशे-पंधराशे पावले धरली तर साडेतीन लाखांवर पावले होतात. खांद्यावर एक किलो जास्त घेतला तर तो इतक्या वेळा उचलावा लागतो! घरी वळकटी हातात धरून ‘‘काही जड नाही’’ म्हणणे निराळे आणि पुणे ते सासवड ही तीसेक किलोमीटरची मजल दिवे घाट चढून करताना तीच वळकटी खांद्यावर असणे निराळे.

दुसरी गोष्ट हवेची. आपली तिथी चंद्राची आणि पाऊस सूर्याच्या हिशोबाने येणारा. त्यामुळे वारी कधी उन्हाळ्यात सापडते, कधी भर पावसात. २०१८ साली ज्येष्ठ अधिक आला होता. त्या वर्षी आषाढी एकादशी २३ जुलैला झाली. २०२३ साली ती २९ जूनला होती, आणि त्या वर्षी महाराष्ट्राच्या बऱ्याच भागात पाऊस जूनच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत आलाच नाही. म्हणजे वारकऱ्यांनी वाटचाल केली ती जवळजवळ उन्हाळ्यातच. म्हणून पंचांग आधी पाहावे. एकादशी लवकर असेल तर उकाड्याची तयारी जास्त, उशिरा असेल तर पावसाची जास्त. चैत्री वारीला चालत जाणारांना तर उन्हाळाच उन्हाळा.

एवढे मात्र नक्की की वारीत थंडी ही मुख्य अडचण नव्हे. जूनमध्ये पुण्याकडे रात्रीचे तपमान साधारण २२ ते २४ अंशांच्या खाली सहसा उतरत नाही. फलटण, माळशिरसकडे तर रात्री उकडते. अडचण आहे ती ओल्या जमिनीची. नांगरलेले रान, शाळेची फरशी, देवळाची ओवरी, रस्त्याकडेची माती, यांवर पाठ टेकली की जमीन अंगातली ऊब ओढून घेते, आणि ओल असेल तर दुपटीने ओढते. तेव्हा आमच्या सांगण्याचे सार पहिल्यानेच सांगून टाकतो : आधी अंगाखालचे पाहावे, अंगावरचे मागाहून. पुष्कळ जण उलट करतात. जाड पांघरूण घेतात आणि खाली नुसती सतरंजी टाकतात. वरून घाम आणि खालून ओल, अशी त्यांची गत होते.

आता एकेक वस्तू पाहू.

घोंगडी. आपल्या संप्रदायात घोंगडीला मान आहे आणि तो उगाच नाही. लोकर आपल्या वजनाच्या सुमारे तिसऱ्या हिश्शाइतकी वाफ व दमटपणा पोटात घेते आणि तरी अंगाला ओली लागत नाही. चिंचोक्याची खळ दिलेल्या घोंगडीवरून रिमझिम पाऊस निथळून जातो. डोक्यावर घेतली तर कोपी, खाली घातली तर अंथरूण. परंतु दीड-दोन किलोंचे वजन आणि चिंब भिजली तर लवकर न वाळणे, हे तिचे दोन दोष. दिंडीच्या ट्रकात सामान जात असेल तर घोंगडीसारखे अंथरूण नाही. सगळे खांद्यावर वाहायचे असेल तर मात्र वजन आधी पाहावे.

गोधडी, वाकळ आणि सोलापुरी चादर. घरी यांच्यासारखे सुख नाही. पण हे सगळे सुताचे. सूत पाणी पिते, जड होते आणि भिजल्यावर त्यात ऊब राहत नाही. जाड गोधडी एकदा भिजली की पावसाळी हवेत दोन-दोन दिवस वाळत नाही. या वस्तू घरीच ठेवाव्यात. न्यायचीच तर जुनी, मऊ झालेली पातळ चादर न्यावी.

स्लीपिंग बॅग. ही म्हणजे दोन कापडांमध्ये भरण घातलेली, बाजूला चेन असलेली पिशवी. हिच्यात दोन जाती आहेत. एक पिसांची. ती हलकी आणि ऊबदार, पण महाग, आणि भिजली की पिसे गोळा होऊन ऊब जाते. वारीला ती नको. दुसरी कृत्रिम धाग्याची, म्हणजे पॉलिएस्टरच्या भरणाची. हा धागा पाणी जवळजवळ पीत नाही, म्हणून पिळून दोरीवर टाकली तर वाऱ्यावर लवकर वाळते. वारीसाठी हीच घ्यावी. हजार-दीड हजार रुपयांच्या आसपास साध्या पिशव्या मिळतात आणि आपल्या कामाला त्या पुरतात.

घेताना पुढील गोष्टी पाहाव्यात :

१) पिशवीवर तपमानाचे आकडे छापलेले असतात. शून्य किंवा पाच अंशांची पिशवी हिमालयात जाणारांसाठी असते. दुकानदार ‘‘ही जास्त गरम, जास्त चांगली’’ म्हणेल, पण आपण भुलू नये. आपल्याला पंधरा-वीस अंशांची, म्हणजे सर्वांत पातळ आणि बहुधा सर्वांत स्वस्त पिशवी हवी.

२) आकार चौकोनी असावा. पायाकडे निमुळती होत जाणारी पिशवी थंडीत बरी, उकाड्यात जीव घाबरा करते. चौकोनी पिशवीची चेन पायापर्यंत उघडली की तिचे सरळ पांघरूण होते. प्रसंगी त्याखाली दोन माणसे निजतात.

३) चेन दुकानातच दहा वेळा उघडझाप करून पाहावी. आतून, अंधारात, एका हाताने उघडली पाहिजे. रात्री उठावे लागणाऱ्या वडीलधाऱ्यांना ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. चेन अडकली म्हणजे म्हातारे माणूस घाबरते.

४) वजन लेबलावर वाचू नये, तराजूवर करावे. किलोच्या आत भरली पाहिजे. गुंडाळून पाणी पिण्याच्या कळशीएवढी झाली तर ठीक, त्याहून मोठी नको.

५) नवी पिशवी तशीच वारीला नेऊ नये. घरी एकदा पाण्यात बुडवून, पिळून, रात्री दोरीवर टाकावी. सकाळपर्यंत वाळत आली तर ती आपली. मग तीन रात्री जमिनीवर तिच्यात निजून पाहावे.

येथे एक मर्म सांगितले पाहिजे. पिशवीची ऊब भरणात कोंडलेल्या हवेची असते. आपण निजलो की खालचे भरण दाबले जाते, हवा निघून जाते आणि खालून ऊब उरत नाही. म्हणून पिशवी कितीही भारी असली तरी खाली चटई लागतेच. फोमची गुंडाळायची चटई मिळते. तिचे वजन पाव ते अर्धा किलो, पाणी पीत नाही, पुसली की कोरडी. काही शे रुपयांत येते. आमच्या मते वारकऱ्याने पहिला पैसा खर्च करायचा तो या चटईवर. तिच्याखाली मेणकापड, म्हणजे प्लॅस्टिकचा जाड कागद घालावा. तो अंथरुणाच्या बाहेर पसरू देऊ नये, कडा आत दुमडाव्या. नाहीतर त्यावर पडलेला पाऊस वाहत आपल्याच पाठीखाली येतो. प्लॅस्टिक अंगाभोवती गुंडाळून मात्र निजू नये. अंगचा घाम बाहेर जात नाही आणि पहाटे माणूस पावसाशिवायच भिजलेला उठतो.

ज्यांना पिशवी घेणे परवडत नाही त्यांनी खंत करू नये. घरच्या घरी खोळ शिवता येते. जुने, मऊ, सुती पाचवारी लुगडे घ्यावे. दोन-दोन मीटरचे दोन तुकडे कापावेत, एकावर एक ठेवून दोन लांब बाजू व पायाकडची बाजू शिवावी. एका बाजूची शिवण कमरेपर्यंतच घ्यावी म्हणजे उठबस सोपी होते. उरलेल्या मीटरभर कापडाची उशीची पिशवी करावी; तीत अंगावरचे दुसरे कपडे भरले की उशी झाली. अशी खोळ अर्ध्या किलोच्या आसपास भरते. उकाड्याच्या रात्री ती एकटी पुरते. डास-चिलटांपासूनही बराच आडोसा होतो. कापड सुती असल्यामुळे ती पावसात जपावी लागते, म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत तोंड बांधून ठेवावी. ज्यांच्याजवळ स्लीपिंग बॅग आहे त्यांनीही आत ही खोळ घालावी. घाम खोळीला लागतो, पिशवी स्वच्छ राहते आणि खोळ रोज धुता येते.

आता वजनाचा हिशोब करू. पाठीवरचे ओझे आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्शाहून जास्त नसावे असा चालणारांचा साधा नियम आहे. पन्नास किलो वजनाच्या बाईने पाच किलो घ्यावे. त्यात पाणी एक किलो, कपडे दीड किलो, टाळ, पोथी, ताटली, औषध, खाऊ मिळून एक किलो. राहिला दीड किलो. मेणकापड, चटई आणि खोळ मिळून सव्वा-दीड किलोच्या आत बसतात. स्लीपिंग बॅग घ्यायची तर दुसरे काहीतरी कमी केले पाहिजे. तात्पर्य, मोकळ्या समाजात स्वतःचे ओझे वाहत चालणाराने खोळ घ्यावी. दिंडीबरोबर जाणाराने पिशवी किंवा घोंगडी ट्रकात टाकावी. तरीही मेणकापड व खोळ खांद्यावरच ठेवावी. वाटेत गर्दी तुंबली की ट्रक मुक्कामाला रात्री उशिरा पोचतो, आणि तोवर म्हातारी माणसे चिखलात उभी असतात. ट्रकात जाणाऱ्या वळकटीवर आपले नाव आणि दिंडीचा क्रमांक ठळक घालावा.

मुक्कामावरच्या चार गोष्टी. जागा किंचित उंचावरची धरावी. ओढ्याच्या पात्रात किंवा पाणी वाहून जाईल अशा सरीत निजू नये. उभ्या ट्रकाच्या खाली किंवा चाकापाशी तर कधीच निजू नये, मग वर कितीही पाऊस असो. विंचू-काट्याचे दिवस असतात, म्हणून आत शिरण्यापूर्वी अंथरूण झटकावे आणि सकाळी वहाणाही झटकाव्यात. पुण्याला व सासवडला माउलींचा मुक्काम दोन रात्रींचा असतो. मधल्या दिवशी ऊन दिसले की सगळे अंथरूण वाळवून घ्यावे. शेतकऱ्याच्या रानात मेणकापडाचा तुकडासुद्धा मागे टाकू नये. आपण पुढे जातो, पण तो तुकडा त्याच्या गाईच्या पोटात जातो. ज्याने निजायला जागा दिली त्याचे असे उतराई होऊ नये.

शेवटी दिंडीचालकांना व विणेकऱ्यांना एक विनंती. प्रत्येक दिंडीत एखादी एकटी आजी, एखादा हातावर पोट असलेला गडी असतोच. तो मागत नाही. ‘‘माझं चालतंय, माउली’’ म्हणतो आणि बारदानावर पडतो. प्रस्थानाच्या आधी एकदा सर्वांची अंथरुणे उघडून पाहावीत. दहा चटया एकदम घेतल्या तर स्वस्त पडतात, आणि घरोघरच्या जुन्या लुगड्यांतून दहा खोळी एका दुपारी शिवून होतात. ज्यांची पिशवी भारी आहे त्यांनी ती मिरवू नये, ज्यांची खोळ साधी आहे त्यांनी लाजू नये. वारीत एकमेकांच्या पाया पडणारे आपण. एकमेकांच्या पाठीखाली काय आहे तेही पाहिले पाहिजे.

अंथरूण हलके असले की चाल हलकी होते. ते कोरडे असले की झोप लागते, आणि झोप लागली की काकड्याला डोळा आपोआप उघडतो. यंदा जाणारांनी आजच जुने लुगडे शोधावे, तराजूवर वळकटी ठेवून पाहावी आणि जास्त झालेले बिनदिक्कत घरी ठेवावे. पंढरीला पोचायचे आहे ते माणसाने, सामानाने नव्हे.